हवेच्या डब्याचा तडा

देवासच्या कारखान्यात मी एकतीस वर्षे लोखंड तपासले. भेग कोठे सुरू होते, कोठे संपते, माल ठेवायचा की भंगारात टाकायचा, हे सांगणे माझे काम होते. प्लॅस्टिकला मी वस्तू मानत नव्हतो. निवृत्तीनंतर घेतलेल्या मोटारीने माझी ही समजूत मोडली, आणि ती मोडता मोडता मोटारही हातची जाणार होती.

मोटार लहान, पांढरी, पेट्रोलवर चालणारी. तिच्या बॉनेटखाली काळ्या प्लॅस्टिकचा एक डबा असतो. त्यात हवा गाळणारा कागदी फिल्टर बसवलेला असतो. गाळलेली हवा डब्याच्या झाकणाला असलेल्या आखूड गळ्यातून रबरी नळीत जाते आणि तेथून इंजिनात. या गळ्याच्या मुळाशी तडा गेला होता. तड्यातून न गाळलेली हवा आत जाऊ लागली आणि तिच्याबरोबर माळव्याची धूळ. उन्हाळ्यात इकडची काळी माती पिठासारखी उडते. ती इंजिनाच्या हवेच्या झडपेवर थराथराने बसत गेली, आणि एका सकाळी धारला जाताना घाटाबिल्लोदच्या अलीकडे गाडी बंद पडली. शेजारी पत्नी होती. दोन तास आम्ही रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसलो. ती काही बोलली नाही. एरवी ती बोलते.

गाडी ओढून आणली. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमधल्या सुपरवायझरने झडप साफ केली, डबा पाहिला आणि मान हलवली.

“अंकल, पूरी असेंबली आएगी. ऊपर से मंगानी पड़ेगी. महीना लगेगा, डेढ़ भी लग सकता है.”

“फक्त झाकण मागवा.”

“अकेला ढक्कन नहीं आता.”

“मग हेच जोडा.”

तो हसला. आतल्या माणसाला ओरडून म्हणाला, “सुनो, अंकल प्लास्टिक में झाल लगवाने आए हैं!” आणि मग मऊ आवाजात मला म्हणाला, “बेच दो अंकल. अब इस उमर में क्या झंझट.”

मी झाकण मागून घेतले आणि घरी आलो.

त्याच दिवशी पत्नीने मुलाला फोन केला. मुलगा दिल्लीकडे नोकरीला. त्याचे शिक्षण हिंदीत झाले, त्यामुळे त्याचे मराठी अर्धे आमचे आणि अर्धे शाळेचे. बाभळीखालच्या दोन तासांत ती जे बोलली नव्हती, ते तिने त्याला सांगितले. नंतर फोन माझ्या हाती दिला.

“बाबा, बस झालं आता. गाडी विकून टाका. आईला घेऊन हायवेवर उभं राहायचं, हे काय वय आहे का?”

“तडा झाकणाला गेला आहे. मला नाही.”

“तुम्ही ना, जिद्द सोडत नाही. ठीक आहे. अधिक महिन्यात नानींना नर्मदेला नेणार आहात ना? ती फेरी नीट झाली तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. रस्त्यात एकदा जरी बंद पडली, तर मी येऊन विकून टाकतो. मंजूर?”

“मंजूर.”

पत्नी दाराशी उभी होती. “मीच सांगितलं त्याला,” ती म्हणाली.

“ऐकले.”

त्या फेरीची हकीकत अशी. माझ्या सासूबाई, म्हणजे मुलाच्या नानी, धारला राहात. वय शहाऐंशी. सासरचे घराणे जुन्या संस्थानी नोकरीतले. मी कारखान्यातला, सातारा जिल्ह्यातून पोटासाठी आलेला. नव्वदच्या दशकात आम्ही दोघे इंदूरला बस बदलून, पुष्कळदा उभ्याने, त्यांच्याकडे जात असू, आणि थोरले मेहुणे दारातच विचारत, “जावईबापू, आज टपावर जागा मिळाली का आत?” मी चपला काढून आत जाई. दोन हजार सात साली अधिक ज्येष्ठ आला. अधिक मास तीन वर्षांकाठी येतो. सासूबाई म्हणाल्या, पुढला मला दिसायचा नाही, एकदा धरमपुरीला नर्मदेत बसवा. आदल्या वर्षी त्यांचे खुब्याचे हाड मोडले होते. धारला भाड्याने मिळत त्या साऱ्या जीपगाड्या; त्यांच्या पायरीवर त्यांचा पाय चढत नसे. आमच्या गाडीची बैठक त्यांच्या गुडघ्याच्या उंचीची होती. म्हणून ती गाडी.

दुरुस्ती मी प्रथम चुकीची केली. माझ्या माहितीप्रमाणे केली म्हणून चुकीची. पत्र्याची पट्टी कापली, गळ्याच्या गोलाईला ठोकून बसवली, दोन ट्यूबांतला चिकट मसाला मिसळून चिकटवली. पाहणाऱ्याने मान डोलवावी अशी झाली. गाडी देवासच्या टेकडीला दोन फेऱ्या मारून आली, तेव्हा पट्टी मसाल्यासकट हातात आली. खालचे प्लॅस्टिक जसेच्या तसे गुळगुळीत.

औद्योगिक वस्तीत चहाच्या टपरीवर एक जण येई. तो शेजारच्या प्लॅस्टिक ओतण्याच्या कारखान्यात मशीनवर होता. पक्का माळवी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी झाकण त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते उलटे केले आणि आतल्या बाजूला उठवलेली दोन अक्षरे नखाने दाखवली. पी. पी., म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, प्लॅस्टिकची एक जात.

“भिया, इस पे दुनिया की कोई चीज नी चिपके. ये अपनी जात का ही मानता है. इसी माल की पट्टी काटो, टांका लगाने वाले कैये से दोनों को साथ पिघलाओ. सिलाई समझो.”

“तोच माल कसा ओळखायचा?”

“जला के सूँघो. मोमबत्ती की बास आए तो वो.”

मी घरी न्हाणीघरातल्या फुटक्या बादलीचा तुकडा जाळला. मेणबत्तीचा वास आला. बादलीच्या पट्ट्या कापल्या, विजेच्या कैयाने, म्हणजे डाख द्यायच्या तापत्या सळईने, वितळवून तड्यात भरल्या. सकाळी सारे टाके साल निघावी तसे सुटले. पुन्हा टपरीवर गेलो.

“बाल्टी?” तो कपाळाला हात लावून म्हणाला. “साब, आपने तो हद कर दी. बास दोनों की एक, पर वो इसकी मौसी की लड़की है, सगी नी. कुर्सी काटो, कुर्सी.”

प्लॅस्टिकची खुर्ची घरात एकच होती. निवृत्तीनंतर मुलाने आणली होती, हात टेकायची सोय असलेली. ‘बाबा, आता व्हरांड्यात आरामात बसा,’ असे म्हणून त्याने ती ठेवली होती. मी तिचा मागचा एक पाय करवतीने कापला.

पत्नी आवाज ऐकून बाहेर आली. “अहो! बसायची खुर्ची ती!”

“बसायचे नाही,” मी म्हणालो.

या वेळी मी घाई केली नाही. झाकण साबणाने धुऊन उन्हात वाळवले. तड्याच्या दोन्ही कडा करवतीच्या पात्याने घासून मधे चर पाडला. तडा जेथे संपत होता तेथे बारीक भोक पाडले. त्यामुळे भेग पुढे धावत नाही. मग खुर्चीची पट्टी आणि झाकण एकाच वेळी कैयाने वितळवत, नखाएवढे नखाएवढे भरत गेलो. बाहेरून चहाच्या गाळणीची जाळी कापून दाबून बसवली. आतून काही लावले नाही. आतली वस्तू सुटली तर ती इंजिनात जाते. संध्याकाळी जोडावर अंगठा दाबला. हलला नाही. पुढे पंधरा दिवस गाडी देवासात चालवली. काही झाले नाही. मी ते काम पास केले. तपासणीतली एक पायरी गाळली, हे मला तेव्हा जाणवलेही नाही.

फेरीच्या दिवशी पहाटे निघून आठच्या सुमारास धारला पोहोचलो. थोरले मेहुणे अंगणात उभे होते. शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. आता घरच्या देवळाची पूजा करीत. आम्ही त्यांना दादा म्हणतो. भाच्याने, म्हणजे आमच्या मुलाने, त्यांना फोन करून सगळे सांगितले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

“या जावईबापू. खुर्चीवर बसून आलात की खुर्ची लावून आलात?”

“लावून.”

“माझी आई काही प्रयोगाची वस्तू नाही. गुजरीचा घाट उतरायचा आहे, मग चढायचा आहे. आधी मला दाखवा तुमचं काम. मग ती बसेल.”

मागणी रास्त होती. मी बॉनेट उघडले, इंजिन सुरू केले आणि देवघरातून एक उदबत्ती मागितली. जोडाच्या कडेने उदबत्ती हळू फिरवायची. हवा कोठून आत ओढली जात असेल तर तेथे धूर वाकून आत शिरतो. नाहीतर सरळ वर जातो.

“आरती चालली आहे गाडीची!” दादा म्हणाले. “घंटा आणू?”

मी उदबत्ती फिरवली. माझ्या जोडावर धूर सरळ होता. दादांचे हसणे थोडे कमी झाले. मग मी ती जोडाच्या पुढे, गळ्यावर रबरी नळी आवळलेल्या पट्टीच्या कडेला नेली. तेथे धूर वाकला. दोराएवढा, पण वाकला. दादांनी तो पाहिला होता.

“वारा आहे,” तेच म्हणाले. “बंद करा आता. ठीक आहे तुमचं काम.”

पत्नी पायरीवर उभी राहून माझ्याकडे पाहात होती. मी इंजिन बंद केले.

“वारा नाही. गळते आहे,” मी म्हणालो.

मग दादा बोलले. “झालं! म्हणजे आईची नर्मदा राहिली. तरी मी म्हणत होतो. लोखंडाची माणसं, लोखंडच सांभाळावं.” पत्नी खाली मान घालून आत गेली.

मी झाकण काढले. सामानाच्या पिशवीत खुर्चीच्या उरलेल्या पट्ट्या होत्या. कैया मात्र देवासला राहिला होता. मला विस्तव हवा होता, आणि घरात अधिकाच्या वाणाचे अनारसे तळले जात होते, स्वयंपाकघर सोवळ्यात. तेथे मला पाऊल टाकता येणार नव्हते, तर प्लॅस्टिक कोठून जाळता येणार. मी एखादा स्टोव्ह मागितला.

“आज?” दादांचा आवाज चढला. “देवाधर्माच्या दिवशी अंगणात प्लॅस्टिक जाळणार? शेजारी काय म्हणतील? मुळीच नाही.”

सासूबाई ओसरीवर भिंतीला टेकून, प्रवासाचे लुगडे नेसून बसल्या होत्या.

“दे रे त्यांना स्टोव्ह. कोळशाच्या खोलीत वातीचा आहे.”

“आई, अगं वास सुटेल घरभर.”

“सुटू दे. अधिकात जावयाला नाही म्हणायचं नसतं. त्याला नारायण म्हणून वाण द्यायचं आणि मागेल ते द्यायचं नाही, हे कुठलं शास्त्र? तुला म्हणायचंच असेल तर पुढल्या महिन्यात म्हण.”

दादांनी स्टोव्ह आणून आपटला. मी त्यांना खडू मागितला.

“खडू कशाला? फळ्यावर लिहून देणार आहात?”

“द्या तर.”

शिक्षकाच्या घरी खडू असतोच. स्टोव्हमधले रॉकेल बोटावर घेऊन मी गळ्याला चोळले, पुसून काढले आणि वरून खडू घासला. काळे प्लॅस्टिक पांढरे झाले. मग वाट पाहिली. भेगेत शिरलेले रॉकेल हळूहळू खडूत उमटू लागले. केसाएवढी एक ओली रेघ माझ्या भोकाच्या पुढे, नळीची पट्टी बसते तेथपर्यंत गेलेली दिसली. मी तडा संपला म्हणून भोक पाडले होते तेथे तडा संपला नव्हताच. ही तपासणी मी कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवीत असे. घरी ती केली नाही, कारण डोळ्यांना दिसले तेवढे मला पुरेसे वाटले, आणि वस्तू प्लॅस्टिकची होती. चूक माझी होती. वर्कशॉपची नव्हे, वयाची नव्हे.

दादा वाकून रेघेकडे पाहात होते. “ही आत्ता उमटली?”

“होती. आत्ता दिसली.”

ते मांडी घालून शेजारी बसले. रॉकेल साबणाने धुऊन काढायचे होते. त्यांनी न सांगता पाण्याची कळशी आणली. मी दाभण तापवून रेघेच्या खऱ्या टोकाला भोक पाडले. लाकडी मुठीचे दोन जुने पेचकस स्टोव्हवर आळीपाळीने तापवले. एकाने वितळवायचे, तोवर दुसरा तापत राहायचा. पेचकसाला कैयासारखी एकसारखी धग नसते. जास्त तापला की माल जळून बुडबुडे येतात, कमी तापला की नुसता लिंपला जातो. दोनदा भरलेले खरवडून काढावे लागले. दादा पेचकस हातात देत होते आणि तोंडाने चालूच होते. “नारायणाने समुद्र घुसळला, आमचा नारायण खुर्ची वितळवतो आहे.” दीड तास लागला. तासभर थंड होऊ दिले. अर्ध्या तासात पुरे झाले असते, पण आता मी माझ्या अंदाजावर विसंबणार नव्हतो.

तेवढ्यात सासूबाईंनी वाण देऊन घेतले. त्रेसष्टाव्या वर्षी पाटावर बसलो. नखांत काजळी, अंगाला रॉकेलचा वास. त्यांनी तेहतीस अनारसे आणि दिवा पुढे ठेवला, आणि माझ्या त्या हातांवर पाणी सोडले.

पुन्हा उदबत्ती लावली. या वेळी ती दादांनी फिरवली. गळ्याभोवती दोनदा, नळीच्या पट्टीच्या कडेने एकदा. धूर कोठेही वाकला नाही.

“बस,” ते आईला म्हणाले.

दादाही माझ्या शेजारी येऊन बसले. निघायला साडेअकरा झाले. ऊन तापले होते. गुजरीचा घाट उतरताना काही अडले नाही. धामनोदला मालट्रकांच्या रांगेतून वाट काढत धरमपुरीला पोहोचलो. सासूबाईंना आम्ही तिघांनी धरून शेवटच्या पायरीवर पाण्यात बसवले. त्या बराच वेळ बसल्या.

परतताना घाटाच्या चढावर एक भरलेला ट्रक पुढे होता आणि त्याच्यापुढे आणखी काही. कोणाचा तरी टायर गेला होता. पहिल्या गिअरमध्ये दहा हात जायचे, थांबायचे. थांबले की हँडब्रेक, इंजिन चालू, ट्रकच्या चाकांखालची धूळ सरळ आमच्या तोंडावर. घाटाबिल्लोदला गाडी अशाच धुळीत बंद पडली होती.

“जावईबापू,” शेजारून दादा म्हणाले, “बंद पडणार असेल तर आधी सांगा. मी दगड लावायला उतरतो.”

“उतरायचे असेल तर उतरा. गाडी चालू आहे.”

“नाही, आपलं विचारलं.”

मागे सासूबाई झोपल्या होत्या. आरशात पत्नी दिसत होती. ती रस्त्याकडे नव्हे, इंजिनच्या आवाजाकडे कान देऊन बसली होती. मीही तेच करीत होतो. एकदा आवाज खाली आला. माझा पाय ॲक्सिलरेटरवर गेला आणि मी तो मागे घेतला. पायाने धरून ठेवलेली गाडी चालली असे मी मानणार नव्हतो. आवाज आपोआप वर आला आणि तेथेच राहिला. रांग सरकली. माथ्यावर आल्यावर दादांनी खिडकी खाली केली आणि बाहेर पाहात म्हणाले, “थांबून बघायचं का एकदा, झाकण?”

“कशाला?”

“खरंच. कशाला.”

धारला पोहोचलो तेव्हा उन्हे उतरत होती. सासूबाईंना धरून ओसरीवर नेत होतो, तोच पत्नीचा फोन वाजला. मुलाचा होता. तिने तो मला दिला नाही. अंगणातच उभी राहून बोलली.

“हो, पोहोचलो... नाही, कुठेही नाही... सकाळी? सकाळी एक तडा निघाला, यांनी इथेच बसून जोडला... अरे हो, घाटातसुद्धा नाही.” पलीकडून तो काही तरी लांबलचक सांगत होता. तिने ते पूर्ण ऐकून घेतले. “ते ठरलं होतं ना तुमचं? मग झालं. आणि ऐक, दिवाळीला येशील तेव्हा इंदूरला टॅक्सी करू नकोस. आम्ही स्टेशनवर येतोय घ्यायला.”

त्याने काही विचारले असावे. ती म्हणाली, “गाडीनंच येणार. आणखी कशानं?”